आठ दिवसांची रेघ

घरात शिरले की ते आधी बूट काढायचे, मग मोजे. मोज्यांची नीट घडी करून ती कोटाच्या खिशात ठेवायचे. मग दाराजवळच्या भिंतीला टाच टेकवून उभे राहायचे आणि एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्या पायाची टाच लावत, हात मागे बांधून, समोरच्या भिंतीकडे चालू लागायचे. तोंडाने पुटपुटत मोजणं सुरू. जानेवारीत चंदीगडची फरशी पायाला कशी लागते हे तिथे एखादा हिवाळा काढलेल्यालाच कळेल. घरातली माणसं स्वेटरवर शाल पांघरून हीटरजवळून बघत असायची. एखादी आजी म्हणायची, अंकल जी, चप्पल तो पहन लो. हे नुसती मान हलवायचे. थांबले की आकडा चुकतो.

समोरच्या भिंतीला अंगठा टेकला की वहीत नोंद व्हायची, इतकी पावलं, इतकी बोटं. त्यानंतर टेप निघायची आणि तिचं माप वेगळ्या पानावर जायचं. टेप आहे तर पावलं कशाला, असं मी एकदा विचारलं होतं.

"टेप कागदासाठी," ते म्हणाले. "पाय माझ्यासाठी."

मी त्यांना काका म्हणायचो. पंजाबी मंडळी नक्शेवाले अंकल म्हणत. मूळचे कराडचे. लष्कराच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली, देशभर फिरले आणि निवृत्तीच्या वेळी चंदीगडला होते म्हणून चंदीगडलाच राहिले. आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरास उभी करायची असली की मांडवाचं मापही ते अनवाणी चालूनच घ्यायचे. वायुसेनेतल्या अधिकाऱ्यांच्या बायका त्यावरून त्यांची चेष्टा करत आणि हे खूष होत.

त्यांचं खरं काम मात्र वाटण्यांचं. चंदीगडमध्ये कोठी, म्हणजे बंगला, कायद्याने उभी चिरून दोन करता येत नाही. कागदावर सगळ्या वारसांची नावं एकत्र लागतात. आत कोणी कुठे राहायचं ते घरच्यांनी आपसात ठरवायचं, लिहून काढायचं आणि त्याला नकाशा जोडून सह्या करायच्या. हा नकाशा काका काढायचे. पण काढण्याआधी एक भानगड असायची, आणि ती दुसरा कुठलाही नकाशावाला करत नसे. ते घरातल्या जमिनीवर खडूने रेघ ओढायचे आणि म्हणायचे, "आठ दिन रह के देखो जी." मराठी माणूस असला तर, "राहून बघा की आधी. रेघ बोचली तर सांगा."

आठ दिवस सगळ्या वारसांनी आपापल्या रेघेच्या आत राहायचं. पलीकडे जायचं तर विचारून जायचं. कामवालीने झाडू-पोछा रेघ सोडून करायचा. आठव्या दिवशी काका येणार, पुन्हा अनवाणी चालणार, कोणाला काय बोचलं ते ऐकणार, रेघ इकडची तिकडे करणार आणि मगच कागदाला पेन्सिल लावणार. लोक आधी हसायचे. तिसऱ्या दिवशी हसणं थांबायचं, कारण तोवर कोणाला तरी कळलेलं असायचं की आपल्या वाट्यात गॅसचा ओटा आहे पण नळ शेजारी गेलाय.

त्यांच्याकडे असल्या गोष्टी पुष्कळ होत्या. दोन जावांच्या स्वयंपाकघरात त्यांनी रेघ ओढली होती आणि चौथ्या दिवशी दोघींनी मिळून फोन केला, की अंकल जी, रेघ वाकडी चालेल का? काका गेले आणि गॅसला वळसा घालून रेघ काढून आले. नकाशातही तसाच वळसा काढला. एका घरात तर तीन भावांनी आठव्या दिवशी रेघच पुसून टाकली आणि यांना जेवू घालून परत पाठवलं. त्या दिवशी काका जिलब्यांचं पुडकं घेऊन आमच्या घरी आले होते. इतकं खूष मी त्यांना दुसऱ्या कुठल्या कामावरून झालेलं पाहिलं नाही.

आता माझं सांगतो. मी नाशिकचा. सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत उपकरणांची मापं तपासणं हे माझं काम. केसाच्या जाडीचा फरक पडला तर मी उपकरण परत पाठवतो. बायको जसलीन इथलीच, सरदारांच्या घरची. सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात नर्स आहे. म्हणजे मी पंजाब्यांचा जावई. तिचे थोरले भाऊ, वीरजी, मला 'परौणा जी' म्हणतात. परौणा म्हणजे पाहुणा आणि जावईही. हे ऐकून काकांना कोण आनंद झाला होता. "आमच्याकडं बी जावयाला पाव्हणंच म्हणत्यात," म्हणाले, आणि त्या दिवसापासून मला जावईबापू म्हणू लागले.

माझे सासरे, म्हणजे दारजी, तरुणपणी इंग्लंडमध्ये एका मोठ्या जमीनदार घराण्याकडे ड्रायव्हर होते. ते घर म्हणजे मॅनर. त्याच्या खोल्या किती हे तिथल्या नोकरांनाही नक्की सांगता येत नसे म्हणे. म्हातारे मालक वारले आणि सगळंच्या सगळं घर, शेतं, तळं, कुत्र्यांसकट, थोरल्या मुलाच्या नावावर गेलं. तिथली तशीच रीत होती. दोन बहिणी त्याच घरात वाढलेल्या. त्यातल्या धाकटीला दारजींनीच गाडीतून स्टेशनवर सोडलं. तिच्याजवळ कपड्यांची एक अटैची होती, बस. घरातला कुत्रा फाटकापर्यंत गाडीमागे पळत आला होता. दारजी ही गोष्ट सांगताना दर वेळी कुत्र्यापाशी थांबायचे.

परत आल्यावर त्यांनी चंदीगडला कोठी बांधली. बाहेरून ती चारचौघींसारखीच, पण आत लाकडी जिना, लाकडी जमिनीचा मोठा हॉल, हॉलमध्ये फायरप्लेस आणि दक्षिणेला, लॉनवर पुढे झुकलेली, तीन बाजूंनी काचेची मोठी खिडकी. फायरप्लेसला धुराडंच नव्हतं, त्यामुळे ती कधी पेटली नाही. तिच्यात दारजींच्या चपला असायच्या. फाटकावरच्या पितळी पाटीवर इंग्रजीत 'द मॅनर' लिहिलेलं होतं आणि पोस्टमन ते कुटुंबाचं आडनाव समजायचा.

मृत्युपत्रात दारजींनी तीन समान वाटे लिहिले होते. एक वीरजींना, एक धाकट्या मुलाच्या विधवेला, म्हणजे आमच्या भाभींना, आणि एक जसलीनला. वाचायला बसलो तेव्हा वीरजींनी वडिलांचं नेहमीचं वाक्य सांगितलं, की इस घर से कोई अटैची उठा के नहीं जाएगा. सगळ्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, आणि ते खोटे नव्हते, एवढं मला सांगू द्या.

वाटणीचा नकाशा काढायला काकांना आणायचं मीच सुचवलं. त्यांना बोलवायला मी त्यांच्या खोलीवर गेलो. एका कोठीच्या मागच्या बाजूला त्यांची एकच खोली होती. आत पाऊल टाकणार तोच त्यांनी हात पुढे करून अडवलं. जमिनीवर खोलीच्या मधोमध खडूची रेघ होती. अलीकडे त्यांची खाट, टेबल, वह्या. पलीकडे शिवणाचं मशीन, एक खुर्ची, देवांचा कोनाडा आणि पुष्कळशी मोकळी जागा.

"तो हिचा वाटा," ते म्हणाले. काकू जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. जागा अपुरी, वह्यांचे ढीग खाटेखाली कोंबलेले, पण रेघेपलीकडे यांची एक वस्तू नव्हती. दर रविवारी केर काढून झाला की ते रेघ नव्याने ओढत. मी रेघेच्या कडेकडेने जाऊन खाटेवर बसलो. दारजींची गोष्ट त्यांना सांगितली. त्यांनी ती पुन्हा सांगायला लावली, विशेषतः स्टेशनवर सोडलेल्या त्या बहिणीची. तिचं पुढं काय झालं, हे त्यांनी दोनदा विचारलं. मला माहीत नव्हतं.

जानेवारीतल्या एका सोमवारी काका आले, अनवाणी चालले आणि रेघ ओढली. वरचा मजला खालच्याच्या निम्मा, तो वीरजींना. खालचा भाभींना आणि आम्हाला. भाभींना त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, की बीबी, दिवसभर तुम्ही बसता कुठे? भाभींचे गुडघे कायमचे धरलेले. हिवाळाभर त्या मोठ्या खिडकीत उन्हात बसून विणतात. धाकटे भाऊ होते तेव्हाही दोघं तिथेच बसायचे. काकांनी हॉल असा विभागला की मोठी खिडकी अख्खी भाभींकडे गेली आणि फायरप्लेस व मागची जास्तीची खोली आमच्याकडे आली. माप बरोबर अर्धं अर्धं. कोणाची हरकत नव्हती. रेघेच्या टोकाला त्यांनी सवयीने छोटा बाण काढला आणि खडूची पेटी माझ्या हातात दिली.

"तुम्ही मोजमापाची माणसं," ते म्हणाले. "कुठं पुसली तर तुम्हीच नीट करा."

जसलीन आणि मी आठ दिवसांसाठी कोठीवर राहायला गेलो. पहिले दोन दिवस मजेत गेले. बाहेर धुकं, आत आम्ही एकमेकांना रेघेपलीकडून परवानग्या मागतोय. वीरजी जिन्यातून ओरडून विचारायचे, परौणा जी, आ जाऊं? तिसऱ्या दिवशी धुकं उठलं आणि ऊन पडलं. ते ऊन मोठ्या खिडकीतून आत आलं, भाभींच्या खुर्चीवर, लोकरीवर, त्यांच्या पायाशी झोपलेल्या शेरू कुत्र्यावर. आमच्याकडे फायरप्लेस होती. तिच्यात दारजींच्या चपला होत्या. मी हीटर लावून पेपर वाचत बसलो होतो.

चंदीगडच्या हिवाळ्यात ऊन म्हणजे काय हे मी तुम्हाला कसं सांगू? लोक खुर्च्या घेऊन उन्हामागे लॉनभर फिरतात. भाभी मला बोलवायच्या, "जीजाजी, इधर आ जाओ, धूप में." मी जायचो, बसायचो. आणि रोज बसताना मला वाटायला लागलं की मी कोणाच्या तरी घरात बसलोय. वाटा सारखा आहे आणि ऊन सगळं यांचं, हे काही मनातून जाईना. हे काकांना सांगता आलं असतं. त्यासाठीच तर आठ दिवस होते. पण विधवा बाईच्या उन्हावर माझा डोळा आहे, हे चारचौघांत बोलायची मला लाज वाटत होती. मनात आणायची वाटली नाही.

रविवारी दुपारी सगळे लॉनवर होते. जेवणं झाली होती, किन्नूची संत्री सोलणं चाललं होतं, मुळ्यांना मीठ हवं होतं. ते आणायला मी आत आलो. हॉलमध्ये पाहिलं तर खिडकीजवळची रेघ हातभर पुसलेली. शेरू उन्हाचा तुकडा सरकेल तसा सरकत झोपतो, त्याने लोळून ती घालवली होती. मी खडूची पेटी आणली आणि गुडघ्यांवर बसलो.

जुनी रेघ कुठून जात होती ते स्पष्ट दिसत होतं. फळीच्या सांध्यात पांढरं राहिलेलं होतं. मी ते सांधे रुमालाने पुसले. उरलेली रेघही खिडकीपासून फायरप्लेसपर्यंत पुसली. मग नवी ओढली, काकांच्या पावलांनी चार पावलं पलीकडे. अर्धी खिडकी आमच्याकडे आली, दुपारनंतर ऊन येतं ती. टोकाला छोटा बाणही काढला. अर्धीच तर घेतोय, असं मी स्वतःला सांगितलं. हात धुतले, मीठ घेतलं आणि बाहेर जाऊन मुळा खाल्ला. बाहेरून बघितलं तर काचांवर ऊन चमकत होतं आणि आतलं काही दिसत नव्हतं, याचं मला बरं वाटलं.

सोमवारी, आठव्या दिवशी, जसलीन ड्यूटीवर गेली होती. मी रजा काढली होती. काका आले. बूट, मोजे, मोज्यांची घडी. वीरजी जिन्याच्या पायरीवर चहा घेऊन बसलेले, भाभी खिडकीत विणत असलेल्या. काका भिंतीपासून निघाले आणि रेघेवर येऊन थांबले. मी सांगितलंच आहे की ते मध्ये कधी थांबत नसत. ते परत भिंतीपाशी गेले, पुन्हा चालले, पुन्हा तिथेच थांबले. वही उघडून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, अगदी सहज, पाणी मागावं तसं.

"जावईबापू, पुसली हुती का कुठं?"

त्या खोलीत मराठी कळणारे आम्ही दोघंच होतो. त्यांनी हिंदीत विचारलं नाही, एवढं माझ्या तेव्हाही लक्षात आलं. कुत्र्याने पुसली, मी ओढली, अंदाज चुकला, असं म्हणून मोकळा झालो असतो. तेवढी वाट त्यांनी मला काढून दिली होती.

मी म्हणालो, "नाही."

हा एक शब्द मात्र पंजाबी माणसालाही कळतो.

काकांनी वही मिटली. वीरजींनी विचारलं, क्या हुआ अंकल जी? तेव्हा ते गुडघे धरून खाली बसले, तळहाताने माझी रेघ पुसली, दोरी ताणून जुन्या जागी नवी ओढली आणि उठता उठता म्हणाले, "मेरी गलती है जी. लकीर गलत डाली थी. उमर हो गई."

भाभींनी विणण्यातून मान वर केली नाही. त्यांचं लक्षच नाही असं मी धरून चाललो.

वीरजी तसे मनाने मोठे आहेत, पण त्यांचा ट्रकांचा धंदा आणि चूक म्हटली की ती धंद्यातलीच त्यांना दिसते. ते म्हणाले, "अंकल जी, एक लकीर गलत है तो बाकी का क्या भरोसा?" आवाज चढवला नाही. काकांनी मान हलवली, जणू हा प्रश्न त्यांना पटला होता. बाहेरच्या पायरीवर बसून ते मोजे घालत होते तेव्हा मी खडूची पेटी घेऊन त्यांच्याजवळ उभा राहिलो. काहीतरी बोलायचं म्हणून उभा होतो. ते मोजे घालायला फार वेळ लावत होते. मी पेटी पुढे केली.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं," ते म्हणाले आणि स्कूटर सुरू करून गेले.

पुढच्या आठवड्यात वीरजींनी एक तरुण आर्किटेक्ट आणला. त्याच्याकडे लेसरचं यंत्र होतं. त्याने सगळी कोठी तासाभरात मोजली. काकांनी पहिल्या दिवशी लिहून दिलेली मापं आणि त्याची मापं बोटभरही वेगळी निघाली नाहीत. वीरजी म्हणाले, बुजुर्ग ने वैसे ठीक ही नापा था, आणि विसरून गेले. तेव्हाही मी तिथे होतो. त्या आर्किटेक्टच्या नकाशावर सह्या झाल्या. मोठी खिडकी भाभींची, फायरप्लेस आमची. म्हणजे मला काही मिळालंही नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

काकांचं काम तोंडी शब्दावर चालायचं. पाटी नव्हती, कार्ड नव्हतं. एका घरातून दुसऱ्या घरात त्यांचं नाव जायचं, आता त्याच वाटेने ही गोष्ट गेली. वीरजींनी वाईट मनाने सांगितलं नाही. सकाळी शहरातल्या तळ्यावर फिरताना कोणी विचारलं असेल, यांनी खरं ते सांगितलं असेल, की अंकलनी स्वतः कबूल केलं. एका निवृत्त कर्नलसाहेबांच्या घरी काकांनी जायचं ठरलं होतं, त्यांचा नाही म्हणून निरोप आला. मग दुसरा आला. मग कोणी बोलावणंच बंद केलं. मंडळातसुद्धा मांडवाचं माप त्या वर्षी कुणी तरी फोनमधल्या ॲपवर घेतलं. काका बाजूला खुर्चीवर बसून बघत होते, पायात बूट.

गणपतीत मी त्यांच्यापासून दोन रांगा सोडून बसायचो. ते उठून प्रसादाचा द्रोण घेऊन माझ्यापर्यंत यायचे. भाभींच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. "जावईबापू, एकदा घरी या की. च्या घेऊ." असं त्यांनी दहा दिवसांत तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा मी हो म्हणालो. त्यांना माझी गंमत करायची नव्हती, टोमणा मारायचा नव्हता. चेहऱ्यावर नुसती वाट बघणं होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. टोमणा परवडला असता.

डिसेंबरात गेलो. मनाशी सगळं जुळवून गेलो होतो. खोलीचं दार उघडं होतं आणि मालकीणबाई आत पोछा मारत होत्या. अंकलना त्यांची मुलगी दिवाळीनंतर कराडला घेऊन गेली, म्हणाल्या. काम राहिलं नव्हतं, एकटे किती दिवस बसणार? खोली रिकामी होती. ओल्या फरशीवर मधोमध एक फिकट पट्टा अजून दिसत होता. मालकीणबाई वैतागून सांगत होत्या की इतक्या वर्षांचा खडू, घासूनही निघत नाही. मी दारातच उभा राहिलो. फोन नंबर होता माझ्याकडे. तो लावायला काय लागत होतं?

यंदाच्या जानेवारीत मंडळाच्या ग्रुपवर त्यांच्या जाण्याची बातमी आली. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. त्या रांगेत मीही हात जोडले.

त्या रविवारी कोठीवर गेलो. भाभी मोठ्या खिडकीत होत्या. मी त्यांना सांगितलं की नक्शेवाले अंकल गेले. त्यांनी सुया मांडीवर ठेवल्या आणि वाहेगुरू म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता बोलल्या.

"उस इतवार को मैंने देखा था, जीजाजी. आप यहीं बैठे थे, घुटनों पर."

मला वाटलं होतं काचेतून दिसत नाही. खिडकीला अगदी चिकटून बसलेला माणूस लॉनवरून कसा दिसणार नाही? मापं तपासायची नोकरी करतो मी.

त्यांनी त्याच दिवशी संध्याकाळी काकांना फोन केला होता. काय करू, वीरजींना सांगू का, म्हणून विचारलं होतं. काकांनी सांगितलं, बीबी, खिडकी तुमची तुम्हाला मिळेल, ते माझ्यावर सोडा. कोणाला काही बोलू नका.

"मैंने पूछा, क्यों? कहने लगे, वो खुद बोलेगा. उसे बोलने दो." भाभींनी सुया पुन्हा उचलल्या. "फिर उन्होंने अपने ऊपर ले लिया. मैं भी चुप रही. मुझे लगा, आज नहीं तो कल, आप बोल दोगे."

म्हणजे आठव्या दिवशी ते सगळं ठाऊक असून आले होते. थंड जमिनीवर दोनदा चालले होते. प्रश्न मराठीत विचारला होता. पायरीवर मोजे घालायला वेळ लावला होता. तीनदा घरी बोलावलं होतं. एवढा सगळा काळ तो माणूस माझ्या बोलण्याची वाट बघत राहिला आणि कराडला गेला.

"बैठो," भाभींनी शेजारची खुर्ची ओढली. "धूप है अभी."

मी बसलो. दुसरं काय करणार होतो?

हे सगळं मी मराठीत लिहून काढलं. लिहून होत आलं तेव्हा कळलं की यातही लबाडी आहे. वीरजी गुरुमुखी वाचतात, इंग्रजी वाचतात, हिंदी वाचतात. मराठी त्यांना येत नाही. कबुली द्यायची ती अशा भाषेत, की ज्या घराला द्यायची ते वाचूच शकणार नाही. लाज वाटते म्हणून लिहायला बसलो आणि लाज लपेल अशी जागा बघून बसलो.

काल सकाळी मोहालीच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत हे कागद घेऊन बसलो होतो. जसलीन ड्यूटीवरून येऊन चहा घेत होती. तिला मराठी वाचता येत नाही, पण माझ्या आईबरोबर राहून ऐकून सगळं कळतं, बोलायलाही बऱ्यापैकी येतं. म्हणाली, काय लिहितोस इतके दिवस, वाचून दाखव ना. नक्शेवाल्या अंकलबद्दल आहे म्हटल्यावर ती पाय वर घेऊन बसली.

मी वाचत गेलो. मोज्यांच्या घडीला ती हसली. दारजींच्या कुत्र्यापाशी तिने डोळे पुसले. शेरूने रेघ पुसली तिथे तिचं हसू थांबलं आणि मी नवी रेघ ओढली तिथे तिने कप खाली ठेवला. आठव्या दिवशी ती घरात नव्हती. काकांनी मला काय विचारलं होतं, हे ती पहिल्यांदा ऐकत होती. तिथे येऊन मी वाचायचा थांबलो.

"मग?" ती म्हणाली. "तू काय बोललास?"

पुढे कागदावर एकच शब्द होता. तो मी वाचला.

मग तिने स्वतःचा फोन घेतला, नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला. तीनचार वेळा रिंग गेली.

"हां पुत्तर," वीरजींचा आवाज आला.

जसलीन म्हणाली, "वीरजी, इन्हें आपसे कुछ कहना है." आणि माझ्याकडे पाहिलं.

"अच्छा," वीरजी म्हणाले. "हां जी परौणा जी, बोलो."